छत्र्यांखालची चार वर्षं

पॅरिसमधला रस्ता, पावसाची सर, माणसांची दाटी आणि वर छत्र्याच छत्र्या. पिएर-ओग्यूस्त रेन्वारचं 'छत्र्या' हे चित्र १८० सेंटिमीटर उंच आणि सुमारे ११५ सेंटिमीटर रुंद आहे. ते समोर असलं की आपणही त्या गर्दीत उभे आहोत असं वाटतं. आधी त्याची उजवी बाजू पाहा. दोन लहान मुली आणि त्यांच्यासोबत एक बाई. पुढच्या मुलीच्या हातात पळवत न्यायचं लाकडी कडं आणि काठी. टोपी, केस, गाल, कपड्यांच्या कडा, सगळं एकमेकांत मऊ मिसळून गेलेलं. कुंचला कॅनव्हासला जेमतेम टेकला आणि उचलला, असे हलके फटकारे. बाह्यरेषा अशी कुठे नाहीच.

आता नजर डावीकडे न्या. टोपली हातात धरलेली एक तरुणी पुढे निघाली आहे. तिचा झगा एकाच करड्या-निळ्या रंगाचा, त्याच्या चुण्या धारदार, आणि अंगाची कड पार्श्वभूमीतून कातरून काढल्यासारखी स्पष्ट. तिच्या डोक्यावरच्या छत्र्यांनाही तसेच नेमके कोन आहेत. एकाच रस्त्यावरची माणसं, एकाच पावसातली, पण उजवीकडच्या मुली आणि डावीकडची तरुणी एका हाताने रंगवल्यासारख्या वाटत नाहीत. दोन चित्रकारांनी वाटणी करून घेतली असावी असा संशय येतो.

हात एकाच माणसाचा आहे. मध्ये चार-पाच वर्षं गेली आहेत, एवढंच.

रेन्वारने हे चित्र १८८१ च्या सुमारास सुरू केलं आणि अर्धवट बाजूला ठेवलं. तेव्हा तो चाळिशीत होता. मोने, पिसारो, सिस्ली या मित्रांबरोबर त्याने दहा-बारा वर्षं उघड्यावरचा प्रकाश टिपण्यात घालवली होती. त्या शैलीची त्याच्यावर छाप होती आणि तिच्यावर त्याची. मग तो इटलीला गेला. रोममध्ये त्याने राफाएलची भित्तिचित्रं पाहिली, नेपल्समध्ये पॉम्पेईच्या भिंतींवरून आलेली चित्रं पाहिली आणि तो मुळापासून हादरला. शेकडो वर्षांपूर्वीची ती माणसं ठाम उभी होती, त्यांना वजन होतं, आकार होता. आपली माणसं मात्र प्रकाशात विरघळून जातात, हे त्याला खुपायला लागलं. आपल्याला चित्र काढता येत नाही, रंगवताही येत नाही, अशी त्याची त्या काळातली कबुली पुढे प्रसिद्ध झाली. नावारूपाला आलेला, हातात कसब असलेला चित्रकार स्वतःबद्दल हे म्हणतो, यात मला नाटक दिसत नाही. त्यानंतरची काही वर्षं त्याने खरोखरच नव्याने शिकण्यात घालवली. मऊपणा सोडला, रेषा धरली. १८८५-८६ च्या सुमारास त्याने ते जुनं चित्र पुन्हा समोर घेतलं.

हे सगळं कळलं कसं? चित्राच्या दोन भागांत चार-पाच वर्षांचं अंतर आहे हे छातीठोकपणे सांगायला पुरावा लागतो. इथे तो तीन ठिकाणी सापडतो, आणि तिन्ही ठिकाणं थक्क करणारी आहेत.

पहिला पुरावा शिंप्याचा. १८८० च्या दशकात पॅरिसमधली बायकांची फॅशन झपाट्याने बदलत होती. दशकाच्या सुरुवातीचा आणि मधला पेहराव यांत फॅशनचा इतिहास जाणणाऱ्याला सहज फरक करता येतो. उजवीकडच्या बाईचे आणि मुलींचे कपडे १८८१-८२ चे आहेत. डावीकडच्या तरुणीचा झगा १८८५-८६ चा. रेन्वारचे वडील शिंपी होते आणि आई शिवणकाम करायची. कापड अंगावर कसं बसतं हे लहानपणापासून पाहिलेला हा माणूस कपडे अंदाजाने रंगवणारा नव्हता. म्हणूनच आज ते कपडे साक्षीला उभे राहतात.

दुसरा पुरावा क्ष-किरणांचा. त्या काळी तैलरंगातला पांढरा म्हणजे बहुतेक वेळा शिशाचा सफेदा. शिसं जड धातू, क्ष-किरण अडवतं. त्यामुळे चित्राचा क्ष-किरण फोटो काढला की जिथे जिथे सफेदा आहे तिथे पांढरं उमटतं, मग तो सफेदा वरच्या थरात असो की चार थर खाली गाडलेला. 'छत्र्या'चा असा फोटो घेतला गेला तेव्हा डावीकडच्या तरुणीच्या खाली दुसरीच बाई निघाली. तिच्या डोक्यावर टोपी होती. झग्याला आडव्या झालरींच्या ओळी होत्या. गळ्याला आणि मनगटांना पांढरी लेस होती.

इथे थोडं थांबायला हवं, कारण बदल नुसता कपड्यांचा नाही. त्या काळच्या पॅरिसमध्ये बऱ्या घरची बाई टोपी आणि हातमोज्यांशिवाय रस्त्यावर पाऊल टाकत नसे. पहिल्या रेन्वारने जी रंगवली होती ती अशी, खात्यापित्या घरची, उजवीकडच्या बाईच्या बरोबरीची. दुसऱ्या रेन्वारने तिची टोपी काढली, लेस काढली, झालरी पुसून एक साधा झगा दिला. आता तिच्या डोक्यावर काही नाही, हातांत मोजे नाहीत, छत्रीही नाही. ती कामाला निघालेली मुलगी झाली, बहुधा टोप्यांच्या दुकानातली, माल पोचवायला बाहेर पडलेली. तिच्या मागे एक तरुण आहे, तो आपली छत्री तिच्यावर धरण्याच्या बेतात दिसतो. आधीच्या चित्रात हे नुसतं सौजन्य ठरलं असतं. आता त्याला वेगळाच अर्थ येतो. सगळ्या गर्दीत भिजणारी ती एकटी, आणि म्हणून चित्र तिचं होतं. या तरुणीसाठी सुझान व्हालादोन बसली होती असं मानतात. ती स्वतः पुढे मोठी चित्रकार झाली.

नावडतं चित्र सुधारायला बसलेला माणूस सहसा काय करतो? नाक नीट करतो, सावली गडद करतो, हाताचं बोट सरळ करतो. रेन्वारने चित्रात कोणाची गोष्ट सांगायची हेच बदललं. माझ्या मते हे चित्र टिकलं ते या एका निर्णयामुळे.

तिसरा पुरावा निळ्या रंगाचा, आणि मला स्वतःला तो सगळ्यांत विलक्षण वाटतो. चित्र जपणाऱ्या प्रयोगशाळेत रंगाचा एक सूक्ष्म कण घेतात, वाक्यातल्या पूर्णविरामाहून लहान, तोही शक्यतो आधीच तडा गेलेल्या जागेच्या कडेचा. तो पारदर्शक रेझिनमध्ये बसवतात, घासून गुळगुळीत करतात आणि त्याची कापलेली बाजू सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. एखाद्या मिलिमीटरच्या अंशात अख्ख्या चित्राचा इतिहास थरांनी रचलेला दिसतो: तळाला कॅनव्हासवरचं अस्तर, त्यावर पहिला रंग, मग दुसरा. 'छत्र्या'च्या पहिल्या टप्प्यात रेन्वारने वापरलेला निळा कोबाल्टचा आहे. तो तेनार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८०२ मध्ये बनवला होता. दुसऱ्या टप्प्यातला निळा वेगळा आहे, कृत्रिम अल्ट्रामरिन.

खरा अल्ट्रामरिन अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून येणाऱ्या लाजवर्द दगडाचा. तो कुटून, मळून, धुऊन निळा काढायचा, आणि किंमत सोन्याच्या तोलाची. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये तोच निळा भट्टीत बनवायची रीत सापडली आणि तो एकदम स्वस्त झाला. इतका स्वस्त की तो धोब्यांपर्यंत पोचला. आपल्या घरांत पांढऱ्या धोतरांना आणि शाळेच्या शर्टांना द्यायला निळीची जी पूड आणायचे, ती हाच कृत्रिम अल्ट्रामरिन. म्हणजे पॅरिसमधल्या त्या तरुणीच्या झग्यातला निळा आणि आपल्या आज्यांच्या बादलीतला निळा हा रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकच पदार्थ. आणि या दोन निळ्यांतल्या फरकावरून आज सव्वाशेहून अधिक वर्षांनी सांगता येतं की हा फटकारा आधीचा, हा नंतरचा.

रेन्वारला आपण इतकी माहिती मागे ठेवतो आहोत याची कल्पनाही नसेल. पण तैलरंगाचा स्वभावच असा आहे. जलरंग सुकतो तो पाणी उडून गेल्यामुळे. जवसाचं तेल उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि हळूहळू त्याची चिवट पापुद्र्यासारखी घन पटलं तयार होतात. वरून हाताला कोरडं लागतं तेव्हाही आत हे काम चालू असतं, कधी महिने, कधी वर्षं. म्हणून चित्रकार ओल्या रंगावर रंग घालतो तेव्हा दोन्ही एकमेकांत मिसळतात, आणि वर्षांनी परत येतो तेव्हा खालचा थर आपल्या जागी घट्ट बसलेला असतो. नवा रंग त्याच्यावर निमूट पसरतो. खालच्या थराला तोवर तडे गेले असतील तर नवा रंग त्या तड्यांत उतरतो. सूक्ष्मदर्शकाखाली असा भरलेला तडा दिसला की जाणकार ओळखतात की मध्ये बराच काळ गेला. कधी दोन थरांमध्ये धुळीची किंवा जुन्या वॉर्निशची बारीक रेघ सापडते. चित्र भिंतीशी पाठ करून उभं होतं त्या काळाची ती रेघ.

आणि कधी तर कुठल्याच यंत्राची गरज लागत नाही. तेल जुनं होत जातं तसा त्याचा अपवर्तनांक वाढतो, शिशाच्या सफेद्याची तेलाशी हळू प्रक्रिया होत राहते, आणि वरचा रंग दर शतकात थोडा अधिक पारदर्शक होतो. चित्रकाराने झाकलेलं आपोआप वर यायला लागतं. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात वेलास्केथने रंगवलेलं चौथ्या फिलिपचं घोड्यावरचं चित्र आहे. त्या घोड्याचे मागचे पाय वेलास्केथने आधी वेगळ्या जागी काढले होते, मग ते झाकून नव्याने काढले. आज ते जुने पाय नुसत्या डोळ्यांना दिसतात. राजाच्या घोड्याला दोन जास्तीचे, सावलीसारखे पाय आहेत. चित्रकाराने घेतलेला निर्णय, आणि त्याआधी घेतलेला व सोडून दिलेला निर्णय, दोन्ही एकाच वेळी समोर.

परत येऊन हात फिरवण्याचा हा ध्यास कुणाला किती असावा याला मात्र मर्यादा नाही. एदगार देगाने १८६६ मध्ये पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीचं एक भलं मोठं चित्र मांडलं, जमिनीवर पडलेला जॉकी आणि त्याच्यावरून उधळणारे घोडे. त्याला ते पटलं नव्हतं. १८८०-८१ मध्ये त्याने ते पुन्हा काढलं आणि बदललं. १८९७ च्या सुमारास पुन्हा बदललं. तीस वर्षं उलटली तरी ते त्याच्या मनासारखं झालं नाही. १९१७ मध्ये तो वारला तेव्हा चित्र त्याच्याच स्टुडिओत होतं. आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. त्यातल्या घोड्यांच्या भोवती आधीच्या घोड्यांच्या खुणा दिसतात. शेवटी त्याने एक केलं: तोच विषय नव्या कॅनव्हासवर, अगदी मोजक्या रेषांत, पुन्हा काढला. ते चित्र बाझलला आहे. जुन्याशी झुंजून जे मिळालं नाही ते तिथे मिळालं, असं मला वाटतं.

देगाचे मित्र त्याच्या या सवयीला घाबरून असत. विकलेलं किंवा भेट दिलेलं चित्रसुद्धा तो 'जरा एक ठिकाण दुरुस्त करतो' म्हणून परत न्यायचा. आंरी रुआर या त्याच्या मित्राच्या घरून त्याने असंच एक चित्र नेलं आणि दुरुस्त करता करता पार बिघडवून टाकलं. भरपाई म्हणून नर्तकींच्या सरावाचं एक चित्र दिलं. त्यात कोपऱ्यात एक झारी आहे, नाचायच्या फरशीवर पाणी शिंपडून धूळ बसवायला वापरत ती. काही वर्षांनी देगाला ती झारीही खुपू लागली. तो परत मागायला लागला. रुआरने ते चित्र भिंतीला साखळीने बांधून ठेवलं होतं अशी गोष्ट सांगतात. साखळी खरी असो वा नसो, झारी वाचली. १९१२ मध्ये तेच चित्र लिलावात चार लाख फ्रँकहून जास्त किमतीला गेलं, आणि ते पाहायला देगा जिवंत होता. ते आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

पिएर बोनारबद्दलही असंच सांगतात. आपलं चित्र संग्रहालयात लागल्यावर तो मित्राला घेऊन तिथे जायचा, मित्राने पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवायचं आणि याने खिशातून रंग काढून एखादं पान सुधारायचं. ऐकताना मजा वाटते. पण त्याच्या एका चित्राची हकीकत ऐकली की मजा ओसरते. १९२१ ते १९२३ या काळात त्याने बागेत बसलेल्या दोन तरुणी रंगवल्या. मधोमध, हातावर गाल टेकून आपल्याकडे बघणारी रने मोंशाती, त्याच्या प्रेमातली. आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात, कडेने अर्धी कापलेली, मान वळवून बसलेली मार्त, तीस वर्षं त्याच्याबरोबर राहिलेली. १९२५ च्या ऑगस्टमध्ये बोनारने मार्तशी लग्न केलं. त्यानंतर काही आठवड्यांत रनेने आत्महत्या केली. चित्र बोनारकडेच राहिलं. १९४२ मध्ये मार्त गेली. मग १९४५-४६ मध्ये, ऐंशीला टेकलेला असताना, त्याने ते पुन्हा हाती घेतलं.

त्याने चित्रात कुणालाही हलवलं नाही. रने मध्यभागीच राहिली, मार्त कोपऱ्यातच. त्याने पार्श्वभूमी उजळली. सोनेरी पिवळ्याने ती बाग अशी भरून टाकली की रनेच्या डोक्याभोवती सगळीकडे उजेड आहे. आपल्या आयुष्यातल्या दोन बायका, दोघीही गेलेल्या, आणि हा म्हातारा त्यांच्या मागची जागा रंगवत बसलेला. दुरुस्ती या शब्दात हे मावत नाही. त्या पिवळ्याबद्दल समीक्षकांनी बरंच लिहिलं आहे. मला त्यातलं फारसं लागत नाही. चित्र मात्र लागतं.

१९४७ च्या जानेवारीत ल कानेला तो अंथरुणाला खिळला होता. फुललेल्या बदामाच्या झाडाचं चित्र समोर होतं. खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या जमिनीचा हिरवा बरोबर नाही, तिथे पिवळा हवा, असं त्याने भाच्याला, शार्ल तेरासला सांगितलं. ब्रश धरायची ताकद नव्हती, म्हणून शार्लने मदत केली. त्यानंतर काही दिवसांतच, २३ जानेवारीला, बोनार गेला. ते झाड आज पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहात आहे, आणि कोपऱ्यातला तो पिवळा अगदी योग्य आहे.

पुन्हा रेन्वारकडे येऊ, कारण एक प्रश्न राहिला. त्याने डावी बाजू नव्याने रंगवली, तर उजवी का नाही? एवढा मोठा चित्रकार, त्याला दोन शैलींतली विसंगती दिसली नसेल हे शक्यच नाही. कुणी म्हणेल कंटाळला. पण मला वाटतं, त्या मुलींना हात लावायची त्याची हिंमत झाली नाही, आणि ते फार शहाणपणाचं होतं. पहिल्या रेन्वारला जे येत होतं ते दुसऱ्याला येत नव्हतं. हात बदलला की काही गोष्टी परत करता येत नाहीत. त्या मुलींच्या गालांवरचा ओलावा चार वर्षांनंतरच्या कडक रेषेने मेला असता. त्याने एकसंधपणा गमावला आणि मुली वाचवल्या. पुढे ती कडक रेषाही त्याने सोडून दिली आणि पुन्हा मऊ रंगवायला लागला. त्यामुळे त्याची अख्खी चार-पाच वर्षांची घालमेल एका चौकटीत पाहायची तर या चित्राइतकी चांगली जागा दुसरी नाही.

पुढे ह्यू लेन नावाच्या आयरिश संग्राहकाने ते विकत घेतलं. १९१५ मध्ये लुसिटानिया जहाज बुडालं त्यात तो गेला. चित्रं डब्लिनला द्यावीत असं त्याने मृत्युपत्राच्या पुरवणीत लिहिलं होतं, पण तिच्यावर साक्षीदारांच्या सह्या नव्हत्या, म्हणून चित्रं लंडनला गेली आणि भांडण अनेक दशकं चाललं. 'छत्र्या' आळीपाळीने लंडन आणि डब्लिन या दोन शहरांत असतं ते त्यातूनच.

लंडन-डब्लिनला जाणं सगळ्यांना जमेल असं नाही. पण मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबाकडून आलेली युरोपीय तैलचित्रं आहेत. ती पाहायला जाल तेव्हा समोरून पाहून झाल्यावर थोडं बाजूला सरका आणि तिरप्या उजेडात रंगाचा पृष्ठभाग बघा. चित्रातल्या आकाराशी न जुळणारे उंचवटे कुठे दिसतात का ते शोधा. आकाश सपाट आहे आणि त्यात ब्रशची जाड वळणं आहेत, असं दिसलं तर तिथे आधी काहीतरी वेगळं असावं.

आणि तुम्ही स्वतः चित्रं काढत असाल, माळ्यावर एखादा न जमलेला कॅनव्हास पडला असेल, तर एक विनंती. तो खाली काढा, हवा तसा बदला, पण पहिल्या तारखेवर रंग फिरवू नका. कॅनव्हासच्या मागे तिच्याखाली दुसरी तारीख लिहा.